दीडशे एकर तळहातावर

अठरा होलचे पूर्ण आकाराचे गोल्फ मैदान करायचे तर साधारण १०० ते १५० एकर जमीन लागते. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे गावात हा आकडा कुणाच्या कानावर घातला, तर पहिला प्रश्न येईल, ‘ओलिताची की कोरडवाहू?’ प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. गोल्फची हिरवळ भर उन्हाळ्यातही पाणी मागते. बुलढाणा जिल्ह्याचा हा पट्टा कपाशी, सोयाबीन आणि मक्याचा. एप्रिल-मेमध्ये इथल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तालुक्यात नळगंगेचे धरण आहे, आणि पार पूर्व विदर्भातून वैनगंगेचे पाणी शेकडो किलोमीटरच्या कालव्याने या नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. जिथे पिकासाठी पाण्याचे असे लांबलांबचे बेत आखावे लागतात, तिथे खेळाच्या गवताला पाणी कोण पाजणार? २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते. क्रिकेटची ही गत, तर गोल्फचे नावच नको.

तरीही इकडच्या एखाद्या पोराच्या हातात गोल्फ सापडू शकतो.

मोबाइलची कव्हरे, चार्जर आणि टेम्पर्ड ग्लास विकणाऱ्या दुकानात, नाहीतर यात्रेतल्या खेळण्यांच्या पालावर, प्लास्टिकचा तळहाताएवढा एक गेम टांगलेला असतो. खोक्यावर ‘सुप’ ही अक्षरे आणि ‘४०० इन १’ असा दावा. तीन इंचांचा रंगीत पडदा, डावीकडे बाणांची बटणे, उजवीकडे ए आणि बी. किंमत चार-पाचशे रुपयांच्या आसपास, घासाघीस जमत असेल तर आणखी कमी. मागचे झाकण सरकवले की आतली बॅटरी पाहून मोबाइल दुरुस्ती करणारा माणूस हसतो, कारण ती त्याच्या ड्रॉवरमध्ये ढिगाने पडलेली असते: नोकियाच्या ‘बीएल-५सी’ मापाची. याच मापाच्या बॅटरीने ऑगस्ट २००७ मध्ये देशभर घबराट उडवली होती. जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असे नोकियाने जाहीर केले आणि लोक फोन उघडून बॅटरीवरचे नंबर वाचत बसले. ते दिवस गेले, फोन गेले, बॅटरीचे माप मात्र खेळण्यांमध्ये टिकून राहिले.

गेम चालू केला की लांबलचक यादी येते. मारिओ, कॉन्ट्रा, टँकचा गेम, मोटारसायकलचा गेम. अशा याद्यांमध्ये बऱ्याचदा एक ओळ ‘गोल्फ’ अशीही असते. बहुतेक मुले ती एकदा उघडतात आणि लगेच बाहेर पडतात. बंदूक नाही, गाडी नाही, मागे लागणारा कुणी नाही. एक मिशीवाला माणूस काठी घेऊन उभा, शेजारी हिरवा नकाशा आणि खाली एक आडवी पट्टी. काय करायचे ते कुणी सांगत नाही.

ज्याने धीर धरला त्याला मात्र गंमत कळते. ए दाबले की पट्टीवरची खूण एका टोकाकडे सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबले की जोर ठरतो. खूण परत फिरते, आणि सुरुवातीच्या रेषेवर येताच तिसऱ्यांदा दाबायचे. नेमके त्या रेषेवर दाबले गेले तर चेंडू सरळ जातो. किंचित लवकर किंवा उशिरा दाबले तर एका बाजूला वळतो. सगळा गोल्फ या तीन दाबांत आला. खेळाडूच्या कंबरेचा पीळ, मनगटाची झटक, काठीचा कोन हे सगळे काढून टाकून फक्त दोनच गोष्टी ठेवल्या: किती जोरात आणि किती नेमके. ही पद्धत ज्या गेमने रूढ केली तो हाच, १९८४ सालचा निन्टेंडोचा ‘गोल्फ’. पुढे चाळीस वर्षे जगभरचे कितीतरी गोल्फ गेम याच पट्टीवर चालले.

तो लिहिला सातोरू इवाता या प्रोग्रामरने. जन्म १९५९ चा, साप्पोरोचा. टोकियोत शिकत असतानाच तो ‘हाल लॅबोरेटरी’ या छोट्या कंपनीत काम करू लागला होता. निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी गोल्फचा गेम हवा होता, पण अठरा होल एका कॅसेटमध्ये बसवणे कुणाला जमत नव्हते. इवाताने ते अंगावर घेतले.

अडचण केवढी होती ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. फॅमिकॉमचा पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा. यंत्र तो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत मांडते, म्हणजे एका पडद्यात ३२ गुणिले ३०, अशा ९६० चौकटी. प्रत्येक चौकटीत कुठले चित्र टाकायचे हे सांगायला एक बाइट लागतो. अठरा होलांसाठी अठरा पडदे सरळसोट लिहून ठेवायचे म्हटले तर १७,२८० बाइट झाले. आणि या गेममध्ये प्रोग्रामसाठी जागा होती १६,३८४ बाइट! होलचा नकाशा पडद्याच्या एका भागातच येतो हे खरे, पण त्याच जागेत चेंडूचे उड्डाण, वारा, काठ्यांची निवड, गुणांचा तक्ता आणि आवाजही बसवायचे होते. इवाताने नकाशे आवळून साठवण्याची स्वतःची पद्धत बनवली. गोल्फच्या नकाशात हिरवळीचे सलग पट्टे असतात, मग झाडांची रांग, मग पुन्हा सलग गवत. एकच गोष्ट शंभर वेळा लिहिण्याऐवजी ‘हे इतक्या वेळा’ असे लिहिले तर जागा वाचते, हे अशा सगळ्या युक्त्यांचे मूळ. चित्रांचे ८ केबी धरून अख्खा गेम २४ केबीत आला. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही त्याहून मोठा असतो.

यंत्रही बेताचेच होते. त्याच्या प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञा नव्हती. बेरीज आणि सरकवासरकवी यांवर काम भागवायचे. तात्पुरत्या हिशेबाची स्मृती २ केबी. चेंडू हवेत कसा वळेल याचे पदार्थविज्ञान तिथे सोडवणे शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. चेंडू पटण्यासारखा उडाला म्हणजे झाले.

या फॅमिकॉमची नक्कल महाराष्ट्रातल्या घरांत नव्वदच्या दशकात पोचली ती वेगवेगळ्या नावांनी. कॅसेट काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत बसवायची, हा विधी त्या पिढीला अजून आठवतो. फुंकरीने धूळ उडायची, पण तोंडातला दमटपणा तांब्याच्या पट्ट्यांवर बसायचा, म्हणजे फायदा किती आणि तोटा किती हा वादाचा विषय. आजच्या ‘४०० इन १’मध्ये तीच सगळी यंत्रणा एका चिपवर आली आहे. यंत्राच्या आराखड्यावरची पेटंटे केव्हाच संपली. गेमवरचा कॉपीराइट मात्र संपलेला नाही, तेव्हा ही डबी सरळ चोरीचा माल आहे. निन्टेंडोला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि तरीही इवाताचे काम जगाच्या कानाकोपऱ्यात सर्वांत दूरवर नेले ते याच बेकायदा डब्यांनी, हेही नोंदवायला हवे.

हातात धरायच्या यंत्रावर निन्टेंडोचा गोल्फ अधिकृतपणे आला १९८९ साली, त्याच कंपनीच्या ‘गेम बॉय’वर. गुनपेई योकोई यांच्या हाताखाली घडलेल्या या यंत्राला चार पेन्सिल सेल लागत. पडद्याला मागून प्रकाश नव्हता, रंग नव्हते, होत्या त्या हिरवट-करड्या चार छटा. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. आता ४०० यार्डांचा एक होल या पडद्यावर उभा मांडून पाहू. चारशे यार्ड म्हणजे १४,४०० इंच. ते १४४ ठिपक्यांत बसवले तर एका ठिपक्याच्या वाट्याला १०० इंच येतात, आठ फुटांहून थोडे जास्त. गोल्फचे भोक असते सव्वाचार इंच व्यासाचे. म्हणजे ते एका ठिपक्याच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान झाले. खेळाडूसुद्धा एका ठिपक्यात आडवा मावेल!

म्हणून छोट्या पडद्यावरचा गोल्फ नेहमी तुकड्यांत दिसतो. आधी अख्ख्या होलचा नकाशा, मग फटक्याच्या वेळी जवळचे दृश्य, आणि चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, पोचला की तेवढ्याच जागेचे तिसरे, मोठे केलेले चित्र, उतार दाखवणाऱ्या बाणांसकट. ही तडजोड खटकत नाही, कारण खरा गोल्फरही तसाच पाहतो. आधी लांबवर नजर टाकून अंदाज, मग काठीच्या टोकाशी चेंडू, मग गुडघ्यावर बसून उतार पाहणे.

गेम बॉयच्या पडद्याचा आणखी एक दोष होता. वेगाने हलणारी वस्तू मागे पुसट शेपूट सोडायची. मारधाडीच्या गेममध्ये त्याने डोके उठायचे. गोल्फमध्ये चेंडू बहुतेक वेळ जागच्या जागी असतो, खेळाडू विचार करत असतो, आणि मधेच कुणी हाक मारली तर गेम बाजूला ठेवून जाता येते. एसटीत बसल्या-बसल्या दोन होल खेळावेत, फाटा आला की बंद करावे. क्रिकेटचे असे होत नाही. अकरा क्षेत्ररक्षक, दीडशेच्या वेगाने येणारा चेंडू, निमिषात घ्यायचा निर्णय: लहान पडद्यावर क्रिकेट कायम लंगडतो. चेन्नईच्या ‘नेक्स्टवेव्ह’ने ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ बनवून कोट्यवधी भारतीयांना मोबाइलवर खेळायला लावले, त्या कंपनीचे कौतुकच आहे. पण त्यात फलंदाजी पुष्कळशी आधीच ठरवलेल्या फटक्यांची निवड बनते. गोल्फचा आत्मा एवढा कापावा लागत नाही. सगळ्या मैदानी खेळांत हातातल्या यंत्राला सर्वांत चपखल बसला तो हाच खेळ, आणि प्रत्यक्षात मात्र त्यालाच सर्वांत जास्त जमीन लागते.

जपानी कंपन्यांनी हे फार लवकर ओळखले. १९९९ मध्ये ‘कॅमलॉट’ने गेम बॉय कलरसाठी ‘मारिओ गोल्फ’ केला. त्यात नवखा खेळाडू एका क्लबात दाखल होतो, लोकांशी बोलतो, स्पर्धा जिंकत अनुभव कमावतो आणि मिळालेला अनुभव लांब फटक्यावर खर्च करायचा की नेमकेपणावर, हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते. म्हणजे गोल्फमध्ये गोष्ट आली. सोनीने १२ डिसेंबर २००४ रोजी जपानात ‘पीएसपी’ हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यासोबत ‘मिन्ना नो गोल्फ’ होता. २०११ मध्ये सोनीचेच ‘व्हिटा’ आले तेव्हाही तेच. नवे यंत्र विकायचे तर गोल्फ बरोबर हवा, हा तिकडचा रिवाजच झाला. नोकरीला लोकलने जाणारा मध्यमवयीन माणूस हे त्यामागचे गिऱ्हाईक. खऱ्या क्लबाची फी त्याला परवडत नाही, पण साहेब रविवारी कुठे जातात हे त्याला ठाऊक असते.

भारतात असे गिऱ्हाईक कमी. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबई-पुण्या-नाशकातही जुने क्लब आहेत. पण ती दुनिया छावणीची आणि बंगल्यांची. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी अमेरिकेत खेळला आणि उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला, या बातम्या क्रीडापानाच्या कोपऱ्यात येऊन जातात. निन्टेंडोची यंत्रे तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अधिकृतपणे कधी आलीच नाहीत. इथे हातातला गेम म्हणजे आधी ‘ठोकळ्यांचा गेम’, मग नोकियाचा साप.

नोकियाचीच एक फसलेली उडी इथे सांगण्यासारखी आहे. ७ ऑक्टोबर २००३ रोजी तिने ‘एन-गेज’ आणला: फोन आणि गेमचे यंत्र एकातच. टायगर वूड्सच्या नावाचा गोल्फ गेमही त्यावर निघाला. कल्पना काळाच्या पुढची होती, पण घडण अशी की हसू आवरू नये. बोलायचे तर फोनची कड कानाला लावावी लागे, आणि गेमचे कार्ड बदलायचे तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. ती बॅटरीही बीएल-५सीच होती. यंत्र अपेक्षेएवढे खपले नाही. मग आला साध्या फोनवरचा जावा गेमचा काळ. तालुक्याच्या ठिकाणी मेमरी कार्डात गाणी भरून देणारा दुकानदार सोबत शे-दीडशे गेमही टाकून देई. त्यात मिनी गोल्फचे गेम निघायचे, पाच आकड्याच्या बटणाने मारायचे.

जिओचे स्वस्त नेट सप्टेंबर २०१६ मध्ये आले आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ‘प्लेडेमिक’ने ‘गोल्फ क्लॅश’ काढला. त्यात अठरा होल नाहीत. समोर जगातला कुठलाही अनोळखी माणूस, दोघांत एकच होल, दोन-तीन मिनिटांत निकाल. चेंडूवर बोट ठेवून गलोलीच्या रबरासारखे मागे ओढायचे, मग डावी-उजवीकडे झुलणारी सुई मधोमध आली की सोडायचे. नीट पाहिले तर ही इवाताचीच पट्टी आहे, फक्त तीन दाबांऐवजी एकच ओढ. पण पैशाचे गणित पूर्ण वेगळे. गेम फुकट; चांगल्या काठ्या पेटीतून निघतात, पेटी उघडायला तास लागतात आणि थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. हरल्यावर पणाला लावलेली नाणी जातात. या धंद्याची किंमत २०२१ मध्ये कळली, जेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने प्लेडेमिक १४० कोटी डॉलरना विकत घेतली. खेळ म्हणून ‘गोल्फ क्लॅश’ चलाख आहे, यात शंका नाही. पण त्यात खेळणाऱ्याच्या कौशल्याइतकाच त्याच्या अधीरपणावर डोळा आहे, आणि नेट गेले की सगळेच बंद.

इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचा अध्यक्ष झाला आणि ११ जुलै २०१५ रोजी, ५५ व्या वर्षी, कर्करोगाने गेला. ३ मार्च २०१७ ला कंपनीचे ‘स्विच’ हे नवे यंत्र बाजारात आले. त्या सप्टेंबरात काही चौकस लोकांना स्विचच्या पोटात एक लपलेला प्रोग्राम सापडला. त्याचे नाव होते ‘फ्लॉग’, गोल्फची अक्षरे उलटी. यंत्राचे घड्याळ ११ जुलै दाखवत असेल आणि दोन्ही हातांतली कंट्रोलर इवाता आपल्या जाहीर व्हिडिओंत करायचा त्या विशिष्ट हातवाऱ्याने हलवली, तर १९८४ चा ‘गोल्फ’ सुरू व्हायचा. कंपनीने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काही जपानी चाहत्यांनी त्याला ‘ओमामोरी’ म्हटले, देवळातून आणून जवळ बाळगतात तो ताईत. नंतरच्या एका अपडेटमध्ये निन्टेंडोने तो गुपचूप काढूनही टाकला.

आता धामणगाव बढेच्या रानाला शोभेल असा गोल्फ गेम कुठला, असे कुणी विचारलेच तर उत्तर आहे: जस्टिन स्मिथचा २०१४ मधला ‘डेझर्ट गोल्फिंग’. यात हिरवळ नाहीच. एकरंगी वाळूचा उंचसखल उभा छेद, त्यावर एक पांढरा ठिपका आणि पुढे कुठेतरी एक खाच. बोट ओढायचे, सोडायचे. चेंडू खाचेत गेला की पुढची टेकडी, मग पुढची. पार नाही, बर्डी नाही, मेनू नाही, संगीत नाही, पेट्या नाहीत, जाहिरात नाही. नेटही लागत नाही. शेकडो होलनंतर एखादे निवडुंग दिसते आणि तेवढ्यानेही नवल वाटते. वर फक्त एक आकडा चढत जातो, आजवर मारलेल्या एकूण फटक्यांचा. एका अवघड चढावर पन्नास फटके वाया गेले तर ते पन्नास कायमचे हिशेबात राहतात. होल पुन्हा खेळता येत नाही, आकडा शून्यावर आणायला बटण नाही. नव्याने सुरुवात करायची तर गेम फोनवरून काढून पुन्हा टाकायचा, एवढा एकच मार्ग.